हिवाळी घोडेलिलाव बडोद्यातून पाहताना : वही, वंशावळ आणि आजोळ

चंदीची_वही (रावपुरा, बडोदे)

नमस्कार मंडळी. गेली बरीच वर्षे मी दर डिसेंबरात इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचा आणि दर जानेवारीत अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनजवळच्या कीनलँडचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांचा लिलाव घरबसल्या पाहतो आहे. घोडा विकत घेण्याची माझी ऐपत नाही आणि तो विचारही नाही. पण या लिलावांची सूची आधी वाचणे, प्रत्येक जनावराबद्दल आपला अंदाज लिहून ठेवणे आणि मग हातोडा कुठे पडतो ते पाहणे, हा माझा हिवाळ्यातला सर्वांत आवडता उद्योग झाला आहे. बडोद्यात आणखी कोणी हे पाहत असेल तर त्यांच्याशी बोलता यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

हे वेड मला आजोबांकडून आले. ते संस्थानच्या पागेत कारकून होते आणि घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहीत. सयाजीराव नावाच्या घोड्याची गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. महाराज प्रतापसिंह गायकवाडांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिन्न्यांना विकत घेतले आणि आपल्या आजोबांचे नाव त्याला दिले. युरोपात वर्षाच्या शिंगरासाठी तोवर कोणी एवढी रक्कम मोजली नव्हती. आमचे आजोबा आकडा सांगून थांबत आणि आम्हा मुलांकडे पाहत. गिन्नी म्हणजे किती, हे विचारायचे आम्हाला सुचतही नसे. पुढे मी ते शोधले. गिन्नी म्हणजे २१ शिलिंग, आजच्या हिशेबात १ पौंड ५ पेन्स. म्हणजे ते शिंगरू २९,४०० पौंडांना पडले. गिन्नीचे नाणे १८१४ नंतर पाडले गेले नाही, तरी १७६६ मध्ये सुरू झालेल्या टॅटरसॉल्स या पेढीच्या न्यूमार्केटमधल्या लिलावात आजही बोली गिन्न्यांमध्येच लागते. वरचे पाच पेन्स हे पूर्वापार लिलाव करणाऱ्याचे कमिशन.

त्या शिंगराला एवढी किंमत का आली, हे कळले तेव्हा मला लिलावाची सूची वाचता येऊ लागली असे म्हणायला हरकत नाही. त्याचा बाप निअर्को आणि आई रोझी लेजंड. याच जोडीचा आधीचा मुलगा दान्ते याने १९४५ ची डर्बी, ही इंग्लंडमधली मानाची शर्यत, जिंकली होती. म्हणजे महाराजांनी डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचा सख्खा भाऊ घेतला. आता गंमत पाहा, हाच दान्ते वर्षाचा असताना लिलावात उभा राहिला होता. त्याच्यावर ३,५०० गिन्न्यांची राखीव किंमत होती आणि तेवढीही बोली लागली नाही, म्हणून मालकाने त्याला परत नेऊन स्वतःच पळवले. थोरल्याला ३,५०० द्यायला कोणी तयार नव्हते आणि धाकट्याला त्याच्या आठपट मिळाले. मधल्या काळात आई तीच होती, बाप तोच होता. बदलला होता तो सूचीतला एकच परिच्छेद.

सयाजीराव १९४७ च्या टू थाउजंड गिनीज शर्यतीत तिसरा आला, डर्बीतही तिसरा आला, मग त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली. सेंट लेजरमध्ये आर्बार या फ्रेंच घोड्यावर त्याची आघाडी एका मुंडीची होती. जॉकी होता एडगर ब्रिट, ज्याने १९४३ मध्ये पहिल्या इंडियन डर्बीत बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्युटिफुलला जिंकवले होते. दुसऱ्या वर्षी, १९४८ मध्ये, माय बाबू या घोड्याने बडोद्यासाठी टू थाउजंड गिनीज जिंकली.

येणाऱ्या जानेवारीच्या लिलावाची सूची वाचायला बसायचे आहे. कोणी सोबत आहे का?

मांडवीकर

आपला लेख मनापासून आवडला. मी महालक्ष्मीच्या शर्यती दूरदर्शनच्या काळापासून पाहतो, पण लिलाव कधी पाहिला नाही. एक शंका आहे. उत्तम शिंगरांचे लिलाव तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात होतात असे वाचले आहे. मग हिवाळ्यातल्या लिलावात उरलेसुरलेच येत असणार. ते पाहण्यात आपल्याला एवढे काय वाटते?

चंदीची_वही

मांडवीकर, आपली शंका रास्त आहे आणि सुरुवातीला माझाही तोच समज होता. वर्षाच्या शिंगरांचे मोठे बाजार सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकतात हे खरे. परंतु हिवाळी लिलाव मुख्यतः घोड्यांचा नसून घोडींचा असतो, आणि थरोब्रेडच्या सगळ्या व्यवहाराची मुळे तिथेच आहेत.

याचे कारण ऋतुचक्रात आहे. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, मग ते शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेले असो की मे महिन्यात. म्हणून प्रत्येक पैदासदाराला शिंगरू वर्षाच्या आरंभीच हवे असते. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, तेव्हा तिला फेब्रुवारीच्या मध्यापासून नराकडे न्यायला सुरुवात करतात. निसर्गतः घोडी दिवस मोठा झाला की माजावर येते, म्हणून डिसेंबरपासूनच तबेल्यात दिवे लावून तिला दिवसाला १६ तास उजेड देतात, जेणेकरून तिच्या शरीराला वसंत आला असे वाटावे. कृत्रिम रेतन थरोब्रेडमध्ये चालत नाही. त्या मार्गाने झालेल्या शिंगराची वंशपुस्तकात नोंदच होत नाही. त्यामुळे घोडीला प्रत्यक्ष नराच्या तबेल्यात न्यावे लागते. या सगळ्याचा अर्थ असा, की ज्याला यंदा घोडी घेऊन यंदाच फळवायची आहे त्याच्यासाठी जानेवारीचा लिलाव ही जवळजवळ शेवटची संधी असते. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. ती घाई बोलीत दिसते.

सूचीत प्रत्येक घोडीखाली तीन गोष्टींपैकी एक लिहिलेली असते : ती गाभण आहे, तिला यंदा नराकडे नेलेच नाही, किंवा नेले पण राहिली नाही. गाभण असेल तर कोणत्या नरापासून आणि शेवटची भेट कोणत्या तारखेची, हेही असते. त्या तारखेत अकरा महिने मिळवून पाहावेत. घोडी वीस फेब्रुवारीला राहिली असेल तर शिंगरू जानेवारीतच पायावर उभे राहील. जूनमध्ये राहिली असेल तर ते मे महिन्यात येईल आणि आयुष्यभर आपल्यापेक्षा तीन-चार महिन्यांनी थोरल्या सोबत्यांशी पळेल.

हाच हिशेब लहान शिंगरांनाही लावावा. जानेवारीच्या लिलावात नुकती ‘वर्षाची’ झालेली शिंगरे येतात. त्यांतले एखादे खरे तर अकरा महिन्यांचे असते आणि शेजारचे साडेसात महिन्यांचे. पडद्यावर पहिले भरलेले दिसते, दुसरे हडकुळे आणि मागून उंच. मी पहिल्या वर्षी सरसकट भरलेल्या शिंगरांना जास्त किंमत लिहीत होतो. नंतर लक्षात आले की जाणकार आधी जन्मतारीख पाहतात आणि मग जनावर. अशी मे महिन्यातली शिंगरे हिवाळ्यात स्वस्तात घेऊन, उन्हाळाभर खाऊपिऊ घालून शरदातल्या बाजारात विकणारे व्यापारीही आहेत. त्यांच्या या धंद्याला तिकडे ‘पिनहुकिंग’ म्हणतात. शब्द मूळचा केंटकीच्या तंबाखूबाजारातला आहे.

आता आजोळाबद्दल. घोड्यांच्या बाजारात ‘सावत्र भाऊ’ हा शब्द केवळ एका आईच्या लेकरांसाठी वापरतात. बाप एक आणि आई निराळी असेल तर त्यांना भावंडे मानतच नाहीत, कारण एका नराला एका मोसमात शंभराहून अधिक शिंगरे होऊ शकतात आणि घोडीला वर्षाला एकच. म्हणून सूचीच्या पानावर बापाबद्दल वर चार ओळी असतात आणि उरलेले सगळे पान आईचे, आजीचे, पणजीचे. महत्त्वाची शर्यत जिंकलेल्या नातेवाइकाचे नाव ठळक मोठ्या अक्षरांत छापतात, अशा शर्यतीत दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्याचे ठळक पण साध्या अक्षरांत. पान उघडताच डोळा त्या काळ्या अक्षरांकडे जातो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. काळी अक्षरे आईच्या परिच्छेदात आहेत की पणजीच्या, हे पाहावे. पणजीची पुण्याई सांगणाऱ्या पानांना मी हल्ली फारशी किंमत देत नाही. आणि आईच्या परिच्छेदातली साले ओळीने वाचावीत. मधले साल गायब असेल तर त्या वर्षी घोडी रिकामी राहिली किंवा शिंगरू गेले. दोन-तीन साले गायब असतील तर ते पान दिसायला कितीही श्रीमंत असो, पेन्सिल हात आखडता घेते.

सालोत्री_निवृत्त

चंदीची_वही, आपण वंशावळीबद्दल उत्तम लिहिले आहे. मी पशुवैद्यक म्हणून अडतीस वर्षे काम केले, त्यातली बरीच घोड्यांमध्ये गेली, म्हणून पानाच्या पलीकडचे थोडे लिहितो.

आपल्याकडे जुने लोक घोडा पाहताना भोवरे पाहत. कपाळावर भोवरा कुठे, छातीवर कुठे, यावरून घोडा धन्याला लाभेल की नाही ते ठरे. माझ्या पहिल्या नोकरीतल्या म्हाताऱ्या नालबंदाला सत्तर-ऐंशी प्रकार तोंडपाठ होते. पण तोच नालबंद भोवरे पाहून झाले की न बोलता खाली बसे आणि घोड्याला सरळ आपल्या दिशेने चालत आणायला सांगे. मी त्याच्याकडून जे शिकलो ते या दुसऱ्या भागातून शिकलो. न्यूमार्केटला किंवा लेक्सिंग्टनला घेणारे लोक अगदी हेच करतात.

समोरून पाहताना पाय छातीतून सरळ खाली उतरतो का, खूर आत वळतो की बाहेर, ते पाहावे. बाजूने पाहताना गुडघा पायाच्या रेषेच्या मागे झुकलेला असेल तर ती मोठी खोट समजतात, कारण भरधाव पळताना सगळा दाब गुडघ्यातल्या हाडांच्या पुढच्या कडांवर येतो आणि तिथे कपचे उडतात. गुडघा किंचित पुढे असेल तर तेवढे बिघडत नाही. पॅस्टर्न, म्हणजे खुराच्या लगेच वरचा तिरका भाग, फार उभा असेल तर धक्का जिरत नाही आणि फार लांब व लवचीक असेल तर पायामागच्या कंडरांवर ताण येतो.

याखेरीज पडद्यावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. विकणारा जनावराच्या सांध्यांच्या क्ष-किरण प्रतिमा लिलावाच्या जागी एका कक्षात ठेवतो आणि घेणाऱ्यांचे वैद्य त्या आधी पाहून घेतात. दुसरे म्हणजे नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र तपासतात. घोड्याच्या स्वरयंत्राची डावी बाजू कधी कधी नस दुबळी झाल्याने पुरती उघडत नाही. असा घोडा पळताना घरघरतो आणि त्याला हवा कमी पडते. म्हणून एखाद्या देखण्या, घरंदाज शिंगरावर बोली अचानक थंडावली तर आपला अंदाज चुकला असे लगेच मानू नये. ज्यांनी प्रतिमा पाहिल्या त्यांनी हात खाली घेतलेले असू शकतात.

कारेलीबाग_वाचक

सर्व चर्चा मी आवडीने वाचली; पण पहिल्या लेखातल्या २८,००० गिन्न्यांबद्दल मनात आलेले लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती रक्कम आली कुठून? माझ्या वडिलांच्या पिढीतले अनेक बडोदेकर प्रतापसिंह महाराजांच्या परदेशातल्या खर्चाबद्दल व्यथित होऊन बोलत. ज्या सयाजीरावांनी या शहराला ग्रंथालये आणि शाळा दिल्या, त्यांचे नाव शर्यतीच्या घोड्याला देणे वडिलांना कधी रुचले नाही. शिवाय आजही लिलावात कोट्यवधी रुपये ज्या जनावरांवर ओततात ती पळतातच असे नाही. याविषयी आपले मत जाणून घ्यायला आवडेल.

चंदीची_वही

ताई, आपल्या वडिलांचे म्हणणे मला पटते आणि आजोबांनाही ते पटत असे. ते चंदीचा हिशेब लिहिणारे होते. पागेतल्या एका जनावराला महिन्याला काय लागते आणि त्याच पैशात काय काय होऊ शकते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. त्यांच्या खर्चावर झालेली टीका मी झाकू इच्छित नाही. परंतु घोडा तेवढ्याने खोटा ठरत नाही. सयाजीरावाची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये ॲस्कट गोल्ड कप जिंकला आणि मुलगा इंडियाना याने १९६४ मध्ये बापाचीच सेंट लेजर जिंकली. माय बाबू पुढे अमेरिकेत गेला. त्याची मुलगी केरला ही दमास्कसची आई, आणि दमास्कस १९६७ मध्ये प्रीकनेस व बेलमाँट या मानाच्या शर्यती जिंकून अमेरिकेचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट घोडा ठरला. लेक्सिंग्टनच्या सूचीत एखाद्या घोडीच्या आजोळात खोलवर दमास्कसचे नाव दिसले की मी तिथे पेन्सिलीने बारीक ‘ब’ काढतो. बडोद्याचा ‘ब’.

पैसे ओतलेली जनावरे पळत नाहीत, हेही खरे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये, म्हणजे हिवाळ्यातच, फ्लोरिडाच्या कॅल्डर येथील लिलावात ग्रीन मंकी नावाच्या दोन वर्षांच्या घोड्याला १ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. लिलावाआधी त्याने अष्टमांश मैल ९.८ सेकंदांत कापला होता आणि त्या एका धावेने सगळे दिपून गेले. तो आयुष्यात तीन शर्यती पळला आणि एकही जिंकला नाही. उलट १९७५ च्या लिलावात १७,५०० डॉलरला गेलेल्या सिएटल स्लूने दोनच वर्षांत अमेरिकेच्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या, तेही तोवर एकदाही न हरता.

पण ताई, मला सर्वांत जवळचा वाटणारा लिलाव डिसेंबर २०१७ मधला न्यूमार्केटचा आहे. मार्शा ही घोडी एलिट रेसिंग क्लबची होती. हा क्लब म्हणजे दरवर्षी थोडी वर्गणी भरणाऱ्या असंख्य सामान्य माणसांचा समूह. मार्शाने २०१६ मध्ये फ्रान्सची आबे शर्यत जिंकली होती आणि २०१७ मध्ये यॉर्कला ननथॉर्प शर्यतीत लेडी ऑरेलियाला नाकाच्या अंतराने हरवले होते. ती रिंगणात आली आणि बोली ६० लाख गिन्न्यांवर थांबली. तोवर युरोपात शर्यतीतल्या कोणत्याही घोडीला एवढी किंमत मिळालेली नव्हती. मी ते त्याच वेळी पाहत होतो. घोडी शांतपणे फिरत होती, तिला धरणारी मुलगी अधूनमधून तिच्या मानेवर हात ठेवत होती आणि फलकावरचे आकडे बदलत होते. तिथे राजेमहाराजे कोणी नव्हते. घोडी विकणारे वर्गणीदार होते.

अलकापुरी_नवा

सर्वांना नमस्कार. मी विद्यापीठात शिकतो आणि हा धागा वाचून यंदा जानेवारीचा लिलाव पाहायचे ठरवले आहे. सूचीत हजारांच्या वर जनावरे असतात असे दिसते. नवख्याने सुरुवात कशी करावी आणि किती वाजता बसावे, ते कृपया सांगावे.

चंदीची_वही

स्वागत आहे. लेक्सिंग्टनला लिलाव सकाळी दहाला सुरू होतो आणि हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते, तेव्हा रात्री साडेआठला जेवून बसावे. हा लिलाव बहुधा उत्तरायणाच्या आगेमागे येतो. आमच्या गच्चीवर दिवसभर पतंग चाललेले असतात, आणि रात्री खाली येऊन वही उघडली की बोटांना मांज्याचा रंग लागलेला असतो. माझ्या वहीची जानेवारीची पाने त्यामुळे गुलाबी डागांची आहेत.

सगळी सूची वाचण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या वर्षी पंचवीस गाभण घोडी निवडाव्यात. प्रत्येकीचे वय, तिच्या आधीच्या लेकरांची साले, शेवटच्या भेटीची तारीख आणि आपला अंदाज, एवढे चार रकाने पुरेत. अंदाज लिलावाआधीच लिहावा आणि नंतर खोडू नये. जनावराच्या दोन्ही पुठ्ठ्यांवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावरून ते ओळखावे. बोलीला एक-दोन मिनिटेच मिळतात, तेव्हा पान आधीच वाचलेले असले पाहिजे.

आणखी एक सूचना माझ्या चुकीतून देतो. तिसऱ्या वर्षी एका घोडीला मी लिहिलेल्या आकड्याच्या अगदी जवळ बोली येऊन हातोडा पडला. मी आनंदाने दोघा मित्रांना रात्रीच फोन करून सांगितले. सकाळी निकालपत्रक पाहिले तर ती विकलीच गेली नव्हती. राखीव किंमत गाठली न गेल्याने मालकाने तिला परत नेले होते. फलकावरचा शेवटचा आकडा म्हणजे विक्री नव्हे. आता मी दुसऱ्या दिवशी निकाल पाहूनच पाचवा रकाना भरतो, आणि परत गेलेल्या जनावरापुढे लहानसे वर्तुळ काढतो. दान्तेच्या नावापुढेही त्या काळी असेच वर्तुळ पडले असते, हे मनात येते, म्हणून वर्तुळवाल्यांची नावे मी वेगळ्या पानावर उतरवून ठेवतो आणि पुढची तीन वर्षे त्यांच्या लेकरांचा माग काढतो.

सालोत्री_निवृत्त

एक विनंती. मागच्या जानेवारीत आपण निवडलेल्या घोडींपैकी एकीची चालतानाची चित्रफीत आपण मला पाठवली होती. कुमैत रंगाची, अकरा वर्षांची, मागचा डावा पाय खुरापाशी पांढरा. तिच्यासमोर आपण ‘चाल उत्तम’ असे लिहिले होते. मी ती फीत काल पुन्हा सावकाश पाहिली. वळताना ती पुढचा उजवा पाय क्षणभर आखडता टाकते. एकदाच नाही, दोन्ही वळणांवर. पैदाशीच्या घोडीला पळायचे नसते, म्हणून यामुळे तिची किंमत फारशी उतरू नये. पण तिच्या लेकरांचे गुडघे मात्र पाहावेत.

चंदीची_वही

आत्ताच फीत लावून पाहिली. आपण म्हणता ते खरे आहे. दुसऱ्या वळणावर तर स्पष्ट दिसते, आणि मी ती किमान सहा वेळा पाहूनही मला दिसले नव्हते. ‘चाल उत्तम’ खोडत नाही, शेजारी आपली नोंद तारखेसह लिहितो आहे. तिचे शिंगरू मार्चमध्ये झाल्याचे कळले होते, म्हणजे या १ जानेवारीला ते वर्षाचे होईल. ते यंदाच्या सूचीत आहे का, हे आज रात्री पाहतो. असेल तर त्याची फीत सर्वांत आधी आपल्याकडे पाठवीन.